पायाळूचं पाणी

घरात प्यायला उरलेलं पाणी एका कळशीत मावतंय, आणि जिच्या पाया पडूनच तुम्ही परीक्षेला जाता ती तुमची आई खाली वाकून तुमच्याच पायांना हात लावतेय. अशा वेळी तुम्ही तिला तत्त्व सांगत बसाल का? उत्तर घाईनं देऊ नका. मला स्वतःला ते अजून नीट देता आलेलं नाही, आणि तत्त्वं तर मी शाळेत जायच्या आधीपासून वाचत आले आहे.

हे मी उगाच म्हणत नाही. आमचं घर शेतात, आसेगावच्या शिवारात. भिंती मातीच्या. त्यांचे पोपडे भाकरीत पडू नयेत म्हणून बाबा त्यांवर खळीनं कागद चिकटवत, आणि आमच्या घरात कागद एकाच प्रकारचा होता: पत्रकं. बाबा शेती करत आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहीत. कारंज्याच्या एका छापखान्यातून छापून आणायची, बाजाराच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर उभं राहून वाटायची आणि जी कुणी घेतली नाहीत ती घरी आणून भिंतीला लावायची, असा त्यांचा क्रम. त्यामुळे अक्षरओळख मला चुलीमागच्या भिंतीनं करून दिली. मी वाचलेला पहिला शब्द 'आई' नव्हता, 'जाहीर' होता. जाहीर निषेध, जाहीर आवाहन, जाहीर सवाल. धुरानं पिवळे झालेले ते कागद आणि त्यांवरचे काळे ठळक मथळे हेच माझं बालसाहित्य. गावात बाबांना सगळे पांप्लेटवाले म्हणत. त्यांनी माझं नाव क्रांती ठेवलं तेव्हा तर गावाची हसायची कायमची सोय झाली. मायनं ते नाव कधी पूर्ण उच्चारलं नाही. तिच्या तोंडी मी कांता, आणि रागात असली की कांते.

चुलीच्या उजव्या हाताला, मिठाच्या बरणीच्या वर, एक पत्रक होतं. मथळा होता, 'नारळाला पाणी दिसत नाही'. तळहातावर नारळ उभा राहिला म्हणून खाली झरा असतो असं मानू नका, असं बाबांनी त्यात लिहिलं होतं. बोअर मारण्याआधी साऱ्या गावानं आपापल्या विहिरीत दोरी सोडावी, पाणी कुठवर खाली गेलं ते एकत्र बसून बघावं, उताराकडे बघावं, नाहीतर एकाचा बोअर दुसऱ्याची विहीर पिऊन टाकेल. मीठ घ्यायला गेले की मी ते मोठ्यानं म्हणायची. मायला वाचता येत नव्हतं, पण माझ्या तोंडून ऐकून ऐकून मिठावरचं पत्रक तिलाही पाठ झालं होतं.

आणि त्याच घरात मी पायाळू होते. जन्मताना माझं डोकं आधी आलं नाही, पाय आले. डॉक्टरीणबाईंच्या दृष्टीनं ती एका अवघड बाळंतपणाची गोष्ट होती. आमच्याकडे ती जन्मभराची पदवी झाली. पायाळूवर वीज पडते म्हणून आभाळ वाजलं की माय मला अंगणातून दंडाला धरून आत ओढायची. पायाळूनं पाठीवर पाय दिला की उसण जाते म्हणून भावकीतले म्हातारे आमच्या ओट्यावर येऊन पालथे पडायचे. "दे व कांता, जरा पाय दे, पऱ्हाटी उपटता उपटता कंबर धरली." मी त्यांच्या कमरेवर पाय द्यायची आणि आत बसलेले बाबा मोठ्यानं खाकरायचे. एकदा बैलगाडीचं जू उचलताना खुद्द बाबांनाच उसण भरली. दिवसभर ते वाकडे चालले. मग ओट्यावर पालथे पडून म्हणाले, "हे तसलं काही नाई. नुसतं वजन पाह्यजे. पोतं ठेवलं तरी चाललं असतं." आत भाकर थापणारी माय इतकी हसली की परातीतली भाकर फाटली.

पण एका बाबतीत माय फार कडक होती. पायाळूला जमिनीखालचं कळतं, पाणीही आणि पुरलेलं धनही, असं लोक मानतात, आणि धनाच्या नादाला लागलेली माणसं पायाळू पोरांचा बळीही देतात, असं तिनं ऐकलेलं होतं. म्हणून ही गोष्ट भावकीबाहेर जायची नाही. "कोनी इचारलं तं डोक्याकून झाली म्हनाचं," असं तिनं मला शाळेच्या पहिल्या दिवशी दप्तराबरोबर बजावून दिलं होतं. हे ध्यानात ठेवा, कारण ती गोष्ट शेवटी तिनंच फोडली.

माझं दहावीचं वर्ष होतं. दिवाळी झाली आणि विहिरीचा आवाज बदलला. भरल्या विहिरीत बादली पडली की एक गोल, जड आवाज येतो. त्या वर्षी आधी तो आवाज पातळ झाला, मग बादली खडकावर आपटू लागली आणि वर येताना तिच्या तळाशी गाळ आणि एखादा बेडूक. माय आणि मी पाण्याला दूरच्या हातपंपावर जाऊ लागलो. तिथं भांडी रांगेत उभी असत आणि बाया त्यांच्या शेजारी बसून भांडत, विणत, पोरांच्या डोक्यातल्या उवा काढत. आमच्या घरात डाळ शिजायची बंद झाली. तुरीचं पीक आमचंच, पोत्यात तूर भरलेली, पण डाळीला पाणी फार लागतं. मग रोज बेसन, नाहीतर ठेचा, नाहीतर पानगे: कणकेचा गोळा पळसाच्या पानात दाबून निखाऱ्यावर भाजायचा, ना परात धुवावी लागते ना तवा. पाहुण्यांना पानगे चवीचे लागतात. मला आजही तो वास आला की घशाला कोरड पडते. ताटं राखेनं पुसायची. तोंड धुतलेलं पाणी म्हशीला, आणि म्हैस ते हुंगून मायकडे अशी बघायची की माय मान फिरवायची.

बाबांचा एक चुलतभाऊ पुण्याकडे होता. त्यानं निरोप पाठवला की एका इमारतीच्या कामावर राखणदार पाहिजे, जोडप्याला राहायला पत्र्याची खोली मिळेल, पोरीलाही कुठंतरी काम लावून देऊ. बाबांनी तो निरोप जेवताना सांगितला आणि भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून बसले. जायचं म्हणजे बैल द्यायचे, माझी परीक्षा सोडायची आणि घराला कुलूप घालायचं. माय कुलपाला घाबरायची. मानोऱ्याकडच्या तांड्यांवर दिवाळीनंतर ओळीनं कुलपं लागतात, माणसं ऊस तोडायला निघून जातात, ते तिनं येताजाता एसटीतून पाहिलं होतं. बंद घर लवकर पडतं, ती म्हणायची. त्याले कळते, आत कोनी नाई. "माह्या घराले कुलूप नाई लागनार," ती म्हणाली. "म्हैस द्या. एक बोअर मारा. लागलं तं राहू. नाई लागलं तं मीच माह्या हातानं कुलूप लावतो." म्हैस विकली. एकच बोअर होईल, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं.

बोअरची गाडी शेजारच्या शिवारात आलेलीच होती. दक्षिणेकडची मोठी पिवळी गाडी, तिच्यावर उभा मनोरा, मागे दुसरी गाडी लोखंडी पाइपांनी भरलेली. गाडीचा एजंट गजूभाऊ, तोंडात खर्रा, खांद्यावर दुपट्टा, फटफटीवरून उतरतच म्हणाला, "आज सांगा दादा. उद्या गाडी मानोऱ्याकडे चालली. जागा काढली का?" बाबांनी सुरुवात केली, की आधी आजूबाजूच्या विहिरींची पातळी बघू, मग उतार बघू. गजूभाऊनं पिंक टाकली. "दादा, तुमचं पांप्लेट वाचून होईस्तोर गाडी वापस मद्रासला पोचन. नारयवाला बोलावू का?"

"नारयवाला नको," माय दारातून म्हणाली. "जागा माही पोरगी दाखवन. पायाळू हाय ते."

मी अभ्यासाचं पुस्तक मिटलं. इतकी वर्षं जपलेली गोष्ट तिनं एका अनोळखी माणसाच्या तोंडावर टाकली होती. मी उठून उभी राहिले आणि भिंतीवरचं सगळं म्हटलं. अंधश्रद्धा, शोषण, विज्ञान, जे जे पाठ होतं ते सगळं. आवाज चढवून म्हटलं. मायनं ऐकून घेतलं. "मालूम हाय मले ते मिठावरचं," ती म्हणाली. "नारयाले पानी दिसत नाई. बरोबर हाय. पन नारयाले पाय असते का?" गजूभाऊ हसला. ती हसत नव्हती. ती पुढं आली, वाकली आणि तिनं माझ्या दोन्ही पायांवर हात ठेवले. तिच्या बोटांना कळशीच्या काठानं पडलेले घट्टे होते, ते मला पावलांवर लागले. "कांता," ती खालूनच म्हणाली, "एक डाव चाल. मंग काय म्हनशीन ते म्हन."

मी बाबांकडे बघितलं. साऱ्या तालुक्यासाठी पत्रकं लिहिणारा माणूस स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघत उभा होता. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. एकच. त्यांच्याकडे इतके होते.

मी चालले. अनवाणी चालायचं असतं. तूर कापून नेलेली होती, जमिनीत तिचे खुंट उभे होते आणि दुपारच्या उन्हानं ढेकळं तव्यासारखी तापली होती. माझ्या मागं माय, तिच्या मागं गजूभाऊ, मागं शेजारच्या शेतातले दोघेतिघे आणि सगळ्यात शेवटी बाबा. माय पुटपुटत होती, "पाय पोरी, नीट पाय." आमच्या वऱ्हाडीत बघ म्हणायला पाय म्हणतात. ती मला बघ म्हणत होती की माझ्या पायांना काही म्हणत होती, ते मला त्या दिवशी कळलं नाही. मी ठरवलं होतं, थांबायचंच नाही. शेत संपेस्तोवर सरळ चालायचं, धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, जाऊन वळायचं आणि सांगायचं की मला काही कळत नाही. धुरा जवळ आला होता. तेवढ्यात उजव्या तळव्यात सराटा घुसला.

सराट्याचा काटा ज्याला रुतला आहे त्याला सांगायला नको. मी कळवळून एका पायावर उभी राहिले.

"थांबली!" मागून कुणीतरी ओरडलं. "थांबली व! पाय उचलला पाय!"

"काटा हाय!" मी म्हणाले. "सराटा हाय, माय!"

"झरा चटका देत असन," गजूभाऊ म्हणाला आणि त्यानं दुपट्ट्याच्या गाठीतून कुंकू काढलं. माय धावत आली. तिनं माझ्या पायाकडे बघितलंही नाही. जिथं पाय होता तिथं तिनं दगड ठेवला आणि मी लंगडी घालत बाजूला झाले. दगडावर नारळ फुटला. काटा मी धुऱ्यावर बसून माझा मीच काढला.

बोअरचा आवाज कानानं ऐकायचा नसतो, तो दातांत ऐकू येतो. पहिले पाइप मुरमातून सहज गेले, लाल धूळ उडाली. मग काळा दगड लागला आणि राखाडी भुकटी. ती बाभळीवर बसली, बैलांच्या पाठीवर बसली, आमच्या पापण्यांवर बसली. गाडीवरची माणसं तोंडाला फडकी बांधून एकेक पाइप जोडत होती. मायनं माझं मनगट धरलं होतं आणि डोळे मिटले होते. ड्रायव्हरला हिंदी जेमतेम यायचं. तो दर पाइपाला हात हलवायचा, "सूखा, अम्मा. सूखा." माय डोळे न उघडता म्हणायची, "अजून एक." बाबा ड्रायव्हरकडे बघून होकाराची मान हलवायचे. भुकटी कोरडीच. "सूखा, अम्मा." "अजून एक." तिची नखं माझ्या मनगटात गेली. मी तिथं मिठावरच्या भिंतीची लेक म्हणून उभी नव्हते. खरं ते लिहिते: मीही मनात म्हणत होते, अजून एक. माझ्या काट्याच्या जागी पाणी लागू दे, मी खोटी पडले तरी चालेल, पण लागू दे.

आणि लागलं. आधी आवाज बसका झाला. मग भुकटी उडेनाशी झाली, ओली होऊन खाली पडू लागली, आणि एकाएकी चिखलाचा फवारा मनोऱ्याच्या उंचीवर गेला. माय त्यात तशीच घुसली. तिनं ओंजळीत ते राखाडी पाणी धरलं आणि प्यायली, दगडाच्या भुकटीसकट प्यायली, आणि मग मोठमोठ्यानं रडू लागली. बाबा तिच्याजवळ जाऊन नुसते भिजत उभे राहिले. मीही प्याले. त्या संध्याकाळी मायनं डाळ शिजत घातली, मोठ्या गंजात, जणू गावजेवण आहे. नुसतं वरण आणि भात, वर तेलाची धार. फक्त डाळ ओरपल्याचे आवाज.

घराला कुलूप लागलं नाही. मी परीक्षेला बसले. जो भेटेल त्याला मी सांगत राहिले की तो काटा होता. लोक मायेनं हसायचे. एक आजोबा म्हणाले, "असन बाप्पा काटा. पन तो नेमका तिथंच काहून रुतला?" आजोबा, तिथं सराटे उगवले होते म्हणून. याहून मोठं उत्तर माझ्याकडे नाही, आणि एवढ्या छोट्या उत्तरावर कुणाचं समाधान होत नाही.

हे मी त्याच घरात बसून लिहिते आहे आणि बाहेर मोटर चालू आहे. तो बोअर अजून आटलेला नाही. माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा असा रोज सकाळी हौदात पडतो.

गजूभाऊच्या गाडीबरोबर माझे पायही गावोगाव गेले. लोक येऊ लागले. कुणी फटफटीवर, कुणी जीप करून. मायनं आधी सगळ्यांना परत पाठवलं. पोरीची परीक्षा आहे, पोरगी मामाच्या गावी आहे. मग उन्हाळ्यात सेवंताबाई आली. मानोऱ्याच्या अलीकडच्या एका तांड्यावरची, ऊसतोडीहून नुकतीच परतलेली. उसाच्या पात्यांनी चिरलेले हात, कमरेशी पदरात बांधलेली वाळकी बोरं. एसटीतून उतरून उन्हात चालत आली होती. तिनं बोरं मायपुढं ठेवली, पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि म्हणाली, "गोड हाय हो ताई तुमचं पानी." मग बराच वेळ हौदाकडे बघत राहिली.

तिच्या दोन पोरी होत्या. दरवर्षी दिवाळीनंतर त्या शाळेतून उठून तिच्याबरोबर फडावर जायच्या. तांड्याशेजारी तिचं हलकं, उताराचं रान होतं. पाणी लागलं तर हरभरा होईल, भाजी होईल, जावं लागणार नाही. गाडी ठरवली होती. जागा राहिली होती.

मी तिच्यासमोर बसले. "मावशी, माह्या पायाले काही समजत नाई. त्या दिवशी काटा रुतला होता. खरं सांगून राह्यली."

तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. "मले खरं नको सांगू माय," ती म्हणाली. "मले जागा सांग."

मी मायकडे बघितलं. मला वाटलं, आता ती मला वाचवेल. माय बोरं निवडत होती. "जाय," ती खाली मान घालून म्हणाली. "आपल्या घरी लागलं, आन तिले नाई म्हनू? कोन्या तोंडानं?"

मी गेले, पण या वेळी पक्कं ठरवून गेले. चालायचंच नाही. चालले की कुठंतरी थांबावं लागतं, आणि थांबले की दगड ठेवतात. म्हणून सेवंताबाईच्या रानात पाऊल टाकलं तिथंच, चपला न काढता, मी उभी राहिले आणि बोलायला लागले. तांड्यावरच्या बाया, म्हातारे, गजूभाऊ, सगळे समोर होते. मी त्यांना आमच्या भिंतीवरचं सगळं सांगितलं. विहिरीत दोरी सोडा. खालच्या अंगाला नाला आहे, त्याच्याकडे बघा. जाणकाराला बोलवा. माझे पाय तुमच्यासारखेच आहेत, त्यांना भेगा पडतात, काटे रुततात. इतकं चांगलं मी नंतर कुठल्याच सभेत बोलले नाही. सगळे शांतपणे ऐकत होते. मला वाटलं, पटलं.

माझं बोलणं संपलं तेव्हा सेवंताबाई पुढं आली आणि तिनं माझ्या चपलांशेजारी दगड ठेवला.

"तोंडानं नाई म्हनते," ती लोकांना म्हणाली, "पन पाहा बाप्पा, इतका वेळ बोलली, जाग्यावरून पाय हालला नाई तिचा."

मी ओरडले. मी तो दगड उचलून फेकला. तिनं तो शांतपणे पुन्हा आणून ठेवला. गजूभाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "राहू दे न कांताबाई. कुठंतरी तं पाडाच लागते भोक." हे वाक्य मी विसरलेले नाही. त्या साऱ्या दिवसात एकटा तोच खरं बोलला होता.

मुरूम. काळा दगड. राखाडी भुकटी. तोच ड्रायव्हर. "सूखा, अम्मा." आणि सेवंताबाईच्या तोंडून माझ्या आईचे शब्द, "अजून एक." तिच्या पोरी तिच्या दोन्ही बाजूंना, धुळीनं पांढऱ्या झालेल्या. "सूखा." "अजून एक." मी वाट बघत होते की आवाज बसका होईल. तो झाला नाही. शेवटी ड्रायव्हरनं यंत्र बंद केलं, तेव्हा लांबच्या बकरीचं ओरडणं ऐकू आलं. माणसं पाइप काढू लागली. सेवंताबाईच्या पदरात बांधलेला नारळ तसाच राहिला होता, पाणी लागल्यावर फोडायचा म्हणून.

तिनं मला शिव्या द्यायला हव्या होत्या. मी त्यासाठी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले. तिनं वाकून माझ्या पायांना हात लावला, तो न फोडलेला नारळ माझ्या ओटीत घातला आणि म्हणाली, "तुमच्या पायाची चूक नाई माय. आमची जमीनच तशी."

दिवाळीनंतर मी बाबांबरोबर तिकडे गेले. काय सांगणार होते, मला ठाऊक नव्हतं. दाराला कुलूप होतं, नवं, पितळी. रानातल्या भोकावर एक फरशी ठेवून वर काट्याची फांदी टाकलेली होती. शेजारच्या घरापुढं उन्हात बसलेल्या तिच्या सासूनं सांगितलं की बोअरच्या आधीच पोरींनी शाळेत सांगून ठेवलं होतं, यंदा दिवाळीनंतरही येऊ, पाणी लागेल म्हणून.

परतीच्या एसटीत मी बाबांना विचारलं, "तुमी त्या दिवशी काहून नाई बोलले? आपल्या बोअरच्या वक्ती?"

ते खिडकीबाहेर बघत होते. तसेच म्हणाले, "मले बी पानी पाह्यजे होतं, बेटा."

घरी आल्यावर मी त्यांच्या कागदांतला एक कोरा कागद घेतला आणि माझं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा: 'माझ्या पायांना काही कळत नाही'. बाबांनी ते वाचलं, एक ऱ्हस्व दीर्घ केला आणि दुसऱ्या दिवशी कारंज्याला घेऊन गेले. बाजारात मी स्वतः वाटलं. एका म्हाताऱ्या माणसानं ते माझ्यासमोर शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, नीट घडी केली, कपाळाला लावली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवली. "पायाळूच्या हातचा कागद हाय," तो शेजारच्याला म्हणाला. मी तिथंच भर बाजारात रडले. मग उरलेली पत्रकं वाटली.

तेव्हापासून मी लिहिते आहे, आणि तेव्हापासून मला शंका आहे की लोक माझं लिहिलेलं कपाळाला लावतात आणि खिशात ठेवतात. म्हणून या वेळी पत्रक नाही, आठवण लिहिली.

मायची कंबर आता वाकली आहे. मोटर सुरू झाली की ती हौदाच्या काठावर येऊन बसते. परवा तिनं एकाएकी विचारलं, "कांता, खरंच काटाच होता?"

"हो माय."

"तू तवाच सांगितलं होतं?"

"दोनदा."

ती धारेखाली हात धरून बसली. "मंग मी काहून नाई पाह्यलं?" ती म्हणाली. मला नाही, पाण्याला.

तुम्हाला एवढंच मागायचं आहे. तुमच्या गावात, तुमच्या भावकीत अशी एखादी मुलगी असेल, जिचे पाय आधी आले, जिला कुणीतरी उद्या अनवाणी शेतात नेणार आहे. ती कुठंतरी थांबेलच. प्रत्येक माणूस थांबतो. तेव्हा हातातला दगड खाली ठेवू नका, दूर टाका. तिला धुऱ्यावर बसवा, तिचं पाऊल आपल्या मांडीवर घ्या आणि तळव्याकडे बघा. आमच्या भाषेत सांगते, म्हणजे चुकणार नाही: पाय. नीट पाय. काटा असेल. तो काढा.